घरातल्या आजारपणाची नोंद मोबाइलवर कशी ठेवावी आणि उपचारात तिचा उपयोग कसा करून घ्यावा

माझ्या आईला मधुमेह आणि रक्तदाब असे दोन्ही आजार आहेत. ती साताऱ्याजवळच्या आमच्या गावी दादा-वहिनींकडे राहते आणि मी पुण्यात. काही वर्षांपूर्वी अंथरुणातून उठताना तिला भोवळ येऊ लागली. वयामुळे असेल, उन्हामुळे असेल, असे म्हणत आम्ही दोन आठवडे काढले. शेवटी एका डॉक्टरांनी घरातली सगळी औषधे पिशवीतून आणायला सांगितली आणि टेबलावर एकेक पाकीट उलटे करून ठेवले. दोन वेगळ्या रंगांच्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या पाकिटांवर बारीक अक्षरांत एकच नाव छापलेले होते: टेल्मिसार्टन, म्हणजे रक्तदाब कमी करणारे औषध. एक गोळी गावच्या डॉक्टरांनी दिली होती, दुसरी तालुक्याच्या ठिकाणी तपासलेल्या डॉक्टरांनी. दोघांनीही आपापल्या परीने योग्यच औषध लिहिले होते. फक्त एकाचा कागद दुसऱ्याने पाहिला नव्हता, आणि तो दाखवण्याची व्यवस्था आम्ही घरच्यांनी केली नव्हती.

आरोग्यासाठी मोबाइल आणि इंटरनेट वापरायचे म्हणजे नेमके काय करायचे, याचा विचार मी तेव्हापासून या एकाच कसोटीवर करते. रुग्णाची पूर्ण नोंद, ज्या क्षणी लागेल त्या क्षणी, ज्या डॉक्टरांसमोर आपण बसलो आहोत त्यांच्यासमोर ठेवता आली पाहिजे. एखादे अ‍ॅप, सरकारी सुविधा किंवा यंत्र यासाठी उपयोगी पडत असेल तर ते शिकून घेण्याचे कष्ट सार्थकी लागतात. पुढे जो क्रम दिला आहे, तो आमच्या घरात चुका सुधारत बसलेला आहे.

आधी कागद, मग अ‍ॅप

बहुतेक घरांत रिपोर्ट कपाटातल्या प्लास्टिकच्या पिशवीत असतात. त्यांत केसपेपर, औषधांची बिले, एक्स-रेचे मोठे पिवळे पाकीट आणि कधीकधी लाइटबिलही असते. कोणतेही अ‍ॅप उतरवण्याआधी एक सुटीची दुपार काढून ही पिशवी जमिनीवर रिकामी करावी. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे रिपोर्ट, रुग्णालयातून सोडतानाचे डिस्चार्ज कार्ड आणि शस्त्रक्रियेचे कागद यांचे वेगवेगळे गठ्ठे लावावेत. डिस्चार्ज कार्ड सर्वांत मोलाचे असते, कारण काय झाले होते, काय केले आणि घरी जाताना कोणती औषधे दिली, हे सगळे त्या एकदोन पानांत असते. लॅबच्या थर्मल कागदावरची छपाई वर्षा-दोन वर्षांत उडून जाते, म्हणून असे कागद सर्वांत आधी हाताळावेत.

कागदाचा फोटो काढण्याऐवजी तो स्कॅन करावा. गूगल ड्राइव्हच्या अ‍ॅपमध्ये आणि आयफोनच्या नोट्समध्ये स्कॅन करण्याची सोय आहे. ती कागदाच्या कडा ओळखून वाकडेपणा काढते, सावली कमी करते आणि अनेक पानांची एकच पीडीएफ बनवते. कागद खिडकीजवळ दिवसाउजेडी, गडद रंगाच्या चादरीवर ठेवावा आणि आपल्याच हाताची सावली त्यावर पडू देऊ नये. चिठ्ठीच्या मागच्या बाजूलाही डॉक्टर पुष्कळदा लिहितात, ती बाजू विसरू नये. स्कॅन झाल्यावर फाइल मोठी करून आकडे आणि तारीख वाचता येतात का ते लगेच पाहावे. आणीबाणीच्या वेळी धूसर रिपोर्टचा उपयोग होत नाही.

फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग तपासणी आणि शेवटी व्यक्ती असा क्रम ठेवावा. ‘२०२५-०३-१४ किडनी तपासणी आई’ असे नाव दिले की फोन आपोआप सगळ्या फाइली तारखेने लावतो आणि मधुमेहासारख्या दीर्घ आजारात जे हवे असते ते, म्हणजे एकाच तपासणीचे मागचे आकडे, एका खाली एक मिळतात. एका रिपोर्टमधले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला घटक) किती आहे, यापेक्षा ते तीन वर्षांत कसे सरकत गेले, हे डॉक्टरांना अधिक सांगून जाते. शक्यतो तपासण्या एकाच लॅबमध्ये कराव्यात, म्हणजे आकड्यांची तुलना खरी होते.

सीटी स्कॅन आणि एमआरआय यांच्या बाबतीत फिल्मचा फोटो पुरेसा नसतो. तपासणी केंद्राकडून मूळ प्रतिमा सीडीवर किंवा लिंकवर मागून घ्याव्यात. लिंक दिली असेल तर ती त्याच दिवशी उघडून सगळे उतरवून ठेवावे, कारण अशा लिंक बऱ्याचदा काही काळाने बंद होतात. हे कागद व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवताना ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावेत, म्हणजे अक्षरे फाटत नाहीत.

सर्व फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून तो घरातल्या किमान दोन माणसांना उघडता आला पाहिजे. आमच्याकडे तो माझ्याकडे आणि वहिनीकडे आहे, कारण आईला दवाखान्यात प्रत्यक्ष घेऊन जाते ती वहिनी. मूळ कागद मात्र टाकून देऊ नयेत. विम्याच्या दाव्याला आणि अनेक सरकारी कामांना अजून तेच लागतात.

औषधांची एक यादी

या संपूर्ण लेखातले एकच काम करायचे असेल तर हे करावे. एका पानावर रुग्णाचे नाव, वय, कोणत्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे का, आणि सध्या चालू असलेले प्रत्येक औषध लिहावे: कंपनीचे नाव, त्यापुढे मूळ औषधाचे नाव, किती मिलिग्रॅम, केव्हा घ्यायचे, कोणत्या डॉक्टरांनी दिले आणि केव्हापासून. मूळ औषधाचे नाव पाकिटावर ब्रँडच्या नावाजवळच, पण बारीक अक्षरांत असते. फोनच्या कॅमेऱ्याने फोटो काढून तो मोठा केला की चश्म्याशिवायही वाचता येते. दुकानदार सुट्या गोळ्या देताना पाकीट कापतो आणि नाव किंवा मुदत छापलेला तुकडा त्याच्याकडेच राहतो, म्हणून ते टोक मागून घेण्याची सवय लावावी. १ ऑगस्ट २०२३ पासून भारतात सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर क्यूआर किंवा बार कोड असणे बंधनकारक आहे; तो स्कॅन केल्यावर मूळ नाव, कंपनी, बॅच आणि मुदत यांची माहिती मिळते.

यादी तयार झाली की मूळ नावांच्या रकान्यावरून बोट फिरवावे. एकच नाव दोनदा आले असेल तर औषध स्वतःहून बंद न करता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. जोडगोळ्यांकडे, म्हणजे एका गोळीत दोन-तीन औषधे असलेल्या गोळ्यांकडे, विशेष लक्ष द्यावे, कारण पुनरावृत्ती बहुधा तिथेच लपलेली असते. वेदनाशामक गोळ्या, आयुर्वेदिक काढे, झोपेची गोळी, ‘दुकानातून सहज आणलेली’ आम्लपित्ताची गोळी, हे सगळे यादीत आले पाहिजे. घरचे लोक यांना औषध मानत नाहीत, पण मूत्रपिंड आणि यकृत मानतात.

औषधाची आठवण करून देण्यासाठी खास अ‍ॅप घ्यायलाच हवे असे नाही. फोनच्या साध्या अलार्मला ‘जेवणाआधी, पांढरी छोटी गोळी’ असे नाव देता येते. आईला अलार्मपेक्षा जेवणाच्या वेळा अधिक पक्क्या लक्षात राहतात, म्हणून आम्ही आठवड्याची कप्प्यांची डबी आणि रविवारचा व्हिडिओ कॉल असे ठरवले. वहिनी डबी कॅमेऱ्यासमोर धरते, मी यादी समोर ठेवून कप्पे तपासते. कप्प्यात उरलेली गोळी सगळे सांगून जाते. ‘घेतेस ना वेळेवर?’ या प्रश्नाला मात्र कोणतीही आई ‘हो’ असेच उत्तर देते.

आभा क्रमांक: काय आहे, काय नाही

राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली, आधी ते सहा केंद्रशासित प्रदेशांत चालवून पाहण्यात आले आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ या नावाने देशभर सुरू झाले. त्याच अभियानात प्रत्येकाला मिळू शकणारा, आरोग्याच्या नोंदी जोडण्यासाठीचा १४ अंकी क्रमांक म्हणजे आभा (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट). तो मोफत आहे आणि ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.

आभा काढण्यासाठी सरकारी संकेतस्थळावर किंवा आभा अ‍ॅपमध्ये आधार क्रमांक दिला की आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. वृद्धांच्या बाबतीत अडते ते इथेच, कारण आधारला जोडलेला नंबर बंद पडलेला असतो किंवा मुलाचा असतो. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर दुरुस्त करून घेतला तर पुढच्या अनेक कामांतला अडथळा एकदाच दूर होतो. क्रमांक तयार झाल्यावर ईमेलसारखा दिसणारा एक आभा पत्ताही निवडता येतो. लक्षात ठेवायला सोपा पत्ता घ्यावा आणि तो औषधांच्या यादीवर वरच लिहून ठेवावा.

रोजच्या वापरातला त्याचा सर्वांत सोपा उपयोग ओपीडीच्या रांगेत होतो. ज्या रुग्णालयात नोंदणीच्या खिडकीजवळ आभाचा क्यूआर कोड लावलेला असतो, तिथे अ‍ॅपमधून तो स्कॅन करून नाव, वय, पत्ता पाठवण्यास संमती दिली की फोनवर टोकन क्रमांक येतो आणि केसपेपरसाठी माहिती पुन्हा सांगावी लागत नाही. नावाचे स्पेलिंग प्रत्येक वेळी वेगळे पडून एकाच माणसाच्या चार फाइली होण्याचा प्रकारही यामुळे थांबतो, आणि माझ्या मते रांग वाचण्यापेक्षा हा लाभ मोठा आहे.

दुसरा उपयोग नोंदी जोडण्याचा. या अभियानाशी जोडलेल्या रुग्णालयात किंवा लॅबमध्ये आभा क्रमांक दिला असेल, तर तिथला रिपोर्ट अ‍ॅपमध्ये दिसू शकतो. सगळे रिपोर्ट एका मोठ्या सरकारी गोदामात जातात असा पुष्कळांचा समज असतो. प्रत्यक्षात नोंद जिथे तयार झाली तिथेच राहते आणि आपण संमती दिली की मागणाऱ्यापर्यंत पोहोचते. संमतीची विनंती आली की घाईने ‘मंजूर’ दाबू नये. कोण मागत आहे, कशासाठी, कोणत्या तारखांमधल्या नोंदी आणि किती दिवसांसाठी, हे चारही तपशील तिथे लिहिलेले असतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना मागच्या वर्षाच्या साखरेच्या नोंदी हव्या असतील तर तेवढ्याच द्याव्यात. दिलेली संमती पुढे मागेही घेता येते.

गावातली लहान लॅब आणि एकट्याने चालवलेला दवाखाना अजून या जाळ्यात नसेल, तर तिथला रिपोर्ट आपोआप येणार नाही. अशा वेळी आपण स्वतः स्कॅन केलेली फाइल अ‍ॅपमध्ये चढवता येते. म्हणूनच पिशवी रिकामी करण्याचे काम मी पहिले सांगितले.

आभा आणि आयुष्मान कार्ड या दोन गोष्टींची गल्लत जवळजवळ प्रत्येक घरात होते, आणि ती नेमकी भरतीच्या दिवशी लक्षात येते. आभा ही नोंदींची ओळख आहे, तिच्यावर एक रुपयाचाही उपचार मोफत होत नाही. आयुष्मान कार्ड प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे, जिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असले तरी, याच योजनेचे वय वंदना कार्ड काढता येते. घरात सत्तरी ओलांडलेले कोणी असेल तर आजारपणाची वाट न पाहता आयुष्मान अ‍ॅपवरून हे कार्ड काढून ठेवावे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना याच योजनेच्या जोडीने राबवली जाते. योजनेतल्या रुग्णालयात रुग्णांना योजनेसाठी मदत करणारे आरोग्यमित्र बसलेले असतात. भरती होताना सर्वांत आधी त्यांना गाठावे. आपल्या उपचारासाठी ते रुग्णालय यादीत आहे का, हे १४५५५ या क्रमांकावर विचारता येते.

घरी घेतलेली मोजमापे

रक्तदाबाचे यंत्र पुष्कळ घरांत आले आहे, पण त्यावरचा आकडा खरा असेलच असे नाही. आईने एकदा फोनवर १५८/९२ सांगितल्यावर माझे हातपाय गळाले. विचारल्यावर कळले की गच्चीवरून वाळवण आणून, जिना उतरून, लगेच तिने पट्टा बांधला होता. पाच मिनिटे बसवून पुन्हा घेतला तेव्हा १३८/८४ आला. तेव्हापासून आमची पद्धत ठरलेली आहे. मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नाही; लघवीला जाऊन यायचे; पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून, मांडी किंवा पायावर पाय न घालता पाच मिनिटे शांत बसायचे. पट्टा पोलक्याच्या बाहीवरून न बांधता उघड्या दंडावर, कोपराच्या वर दोन बोटे अंतर सोडून बांधायचा आणि हात छातीच्या पातळीवर येईल असा उशीवर किंवा टेबलावर टेकवायचा. मोजताना बोलायचे नाही. आई बोलते, म्हणून वहिनी त्या वेळी स्वयंपाकघरात जाते. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजायचे आणि दोन्ही आकडे लिहायचे.

डॉक्टरांना भेटण्याआधीचे सात दिवस, सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असे मोजून पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढली तर त्यांच्या हाती दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा पुष्कळ विश्वासार्ह माहिती पडते. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक राहत असेल तर डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे. मनगटावरच्या यंत्रापेक्षा दंडावरचे यंत्र घ्यावे आणि पट्टा दंडाच्या मापाचा असावा. आकडे ब्लूटूथने अ‍ॅपमध्ये गेले तर चांगलेच, पण वहीत लिहून रविवारी त्या पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकणे आमच्याकडे अधिक टिकले.

रक्तशर्करा मोजण्याच्या यंत्रासाठी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा किंवा केळ सोललेल्या बोटावरचा आकडा खोटा वाढतो. पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवावी आणि मुदत पाहावी. आकडा ७० च्या खाली आला आणि माणूस शुद्धीवर असेल तर साधारण तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही देऊ नये, रुग्णवाहिका बोलवावी. सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या इंटरनेटवर विकायला असतात. त्या घेऊ नयेत. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये अशा उपकरणांविरुद्ध जाहीर इशारा दिला आहे. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन घेणे जिवावर बेतू शकते.

व्हिडिओवरून सल्ला घेताना

२५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली, तेव्हापासून फोन किंवा व्हिडिओवरून सल्ला देणे नियमांच्या चौकटीत आले. त्यानुसार डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर दाखवला पाहिजे, रुग्ण कोण आहे याची खात्री केली पाहिजे आणि अमली वर्गातली औषधे अशा सल्ल्यातून देता येत नाहीत. प्रत्यक्ष तपासायला हवे असे वाटले तर डॉक्टर बोलावून घेऊ शकतात. तसे त्यांनी सांगितले तर पैसे वाया गेले असे मानू नये, तोही सल्लाच आहे.

सरकारची ई-संजीवनी ही सेवा मोफत आहे. मोबाइल क्रमांक आणि ओटीपी देऊन रुग्णाची नोंद केली की टोकन मिळते, आपला क्रम आल्यावर डॉक्टर व्हिडिओवर येतात आणि संभाषणानंतर चिठ्ठी उतरवून घेता येते. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी दुसरा मार्ग अधिक चांगला आहे, असे मला अनुभवाने वाटते. गावच्या उपकेंद्रात, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात, समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाचा रक्तदाब, साखर, वजन तपासून त्याच सेवेतून दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात. रुग्णाजवळ एक प्रशिक्षित माणूस बसलेला असतो, आणि नुसत्या पडद्यापेक्षा ते फार बरे. सेवेची वेळ आणि वार आशाताईंना विचारले की कळतात.

सल्ला कोणताही असो, आधी पंधरा मिनिटे तयारी करावी. उजेड रुग्णाच्या तोंडावर यावा, पाठीमागून येऊ नये. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाचा चेहरा डॉक्टरांना काळा दिसतो. त्या दिवशीचा ताप, रक्तदाब, साखर, वजन लिहून ठेवावे. औषधांची यादी आणि शेवटचे दोन रिपोर्ट आधीच पाठवावेत. तक्रार कधीपासून, कशाने वाढते, कशाने कमी होते आणि याआधी असे झाले होते का, हे दोन-तीन वाक्यांत लिहून काढावे, आणि बोलण्याची पहिली संधी रुग्णाला द्यावी. मुले मध्येच बोलतात आणि आईवडिलांना जे सांगायचे असते ते राहून जाते. ही चूक मी स्वतः बऱ्याचदा केली आहे. शेवटी डॉक्टरांनी काय सांगितले ते रुग्णाने आपल्या शब्दांत पुन्हा म्हणून दाखवावे आणि ‘काय झाले तर वाट न पाहता यायचे?’ हा प्रश्न आवर्जून विचारावा.

डॉक्टर अनोळखी असतील तर त्यांचे नाव राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या किंवा महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या संकेतस्थळावर शोधून पाहावे. हे दोन मिनिटांचे काम आहे.

मनाच्या आजारासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली, चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येते. झोप उडालेली, जगणे नकोसे वाटणारे, घरच्यांशी बोलू न शकणारे माणूस जवळपास असेल तर हा क्रमांक त्याच्या फोनमध्ये आपण होऊन साठवून द्यावा.

औषधाचा दर, रक्त आणि इंटरनेटवरचा शोध

जनऔषधी सुगम या अ‍ॅपमध्ये मूळ औषधाचे नाव टाकले की जनऔषधी केंद्रातली किंमत आणि जवळचे केंद्र दिसते. आपण केलेली यादी इथे पुन्हा उपयोगी पडते. ब्रँड बदलण्याआधी डॉक्टरांना विचारावे आणि बदलल्यावर जुनी पाकिटे घरात ठेवू नयेत, नाहीतर आमच्यासारखी गत होते. रक्ताची गरज पडल्यास ई-रक्तकोष या सरकारी संकेतस्थळावर कोणत्या रक्तपेढीत कोणत्या गटाचा साठा आहे ते पाहता येते, तरी निघण्याआधी फोन करून खात्री करावी.

लक्षणे टाकून आजार शोधण्याची, किंवा एआयला विचारण्याची, सवय आता घरोघरी आहे. रिपोर्टमधल्या एखाद्या शब्दाचा अर्थ समजून घेण्यासाठी आणि डॉक्टरांना काय विचारायचे याची तयारी करण्यासाठी तिचा उपयोग होतो. गोळी सुरू करणे, बंद करणे किंवा तिचे प्रमाण बदलणे, यांसाठी मात्र तिचा आधार घेऊ नये, कारण आपल्या रुग्णाचे मूत्रपिंड कसे चालते आणि तो आणखी कोणत्या गोळ्या घेतो, हे त्या उत्तराला ठाऊक नसते.

ओटीपी, बनावट क्रमांक आणि खासगीपणा

रुग्णालयाचा फोन नंबर शोधताना वर दिसलेला पहिला क्रमांक रुग्णालयाचाच असतो असे नाही. भेटीची वेळ ठरवण्यासाठी ‘फक्त दहा रुपये भरा’ असे सांगून लिंक पाठवणारे लोक आजारी माणसाच्या घाईवरच जगतात. क्रमांक जुन्या केसपेपरवरून किंवा रुग्णालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आयुष्मान कार्ड’ किंवा ‘रिपोर्ट’ असे नाव असलेली एपीके फाइल आली तर ती उघडू नये. ते अ‍ॅप असते आणि फोनमधले ओटीपी वाचते. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर फोन करावा, कारण पैसे अडवण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

आजाराची माहिती ही रुग्णाची असते, घराची नव्हे. चाळीस नातेवाइकांच्या ग्रुपवर आत्याच्या बायोप्सीचा रिपोर्ट टाकण्याआधी आत्याला विचारले पाहिजे. तरुण मुलीच्या तपासण्या, मनाच्या आजाराची औषधे, क्षयाचे निदान, यांविषयी तर अधिकच जपावे लागते, कारण एकदा पुढे गेलेला फोटो परत आणता येत नाही. सायबर कॅफेत किंवा झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढल्यावर तिथल्या संगणकावरून फाइल आणि व्हॉट्सअ‍ॅपचे लॉगिन दोन्ही काढून टाकावीत.

आणीबाणीच्या दिवसासाठी

छातीत दाब किंवा कळ, श्वास लागणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही झाले तर अ‍ॅप उघडू नये आणि व्हिडिओ सल्ल्याची वेळ घेऊ नये. १०८ वर फोन करावा. पक्षाघातात मेंदूच्या रक्तवाहिनीतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून रुग्ण ‘शेवटचा ठीक केव्हा दिसला’ ती वेळ घड्याळात पाहून लिहून घ्यावी. रुग्णवाहिकेला पत्ता सांगताना गावाचे नाव, जवळचे देऊळ किंवा शाळा आणि रस्त्यावर कोण उभे राहील त्याचा नंबर, एवढे सांगावे.

फोनच्या सेटिंगमध्ये आणीबाणीची माहिती भरण्याची जागा असते. आयफोनमध्ये ती मेडिकल आयडी या नावाने आहे. रक्तगट, अ‍ॅलर्जी, चालू औषधे आणि दोन नातेवाइकांचे क्रमांक तिथे भरले की फोन कुलूपबंद असतानाही ते पाहता येतात. ते भरून झाल्यावर फोन कुलूपबंद करून, दुसऱ्या कोणाच्या तरी हातात देऊन, त्यांना ते सापडते का हे एकदा करून पाहावे.

आणि त्या औषधांच्या यादीच्या दोन प्रती कागदावर छापाव्यात. वीज गेलेली असते, रेंज नसते, फोन पडून फुटलेला असतो. आमच्याकडे एक प्रत आईच्या बटव्यात आहे आणि दुसरी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. वर कोपऱ्यात शेवटची दुरुस्ती केल्याची तारीख आहे, आणि एखादी गोळी बदलली की वहिनी जुना कागद फाडून मगच नवा चिकटवते.